धंदा बदलून जगलेलं जहाज

10 एप्रिल 1972. लिस्बनच्या धक्क्यावरून एक बेताच्या आकाराचं प्रवासी जहाज ब्राझीलला निघालं. जहाजावर पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष होते, सरकारी पाहुणे होते, आणि एक प्रवासी असा होता ज्याला मरून 137 वर्षं झाली होती. तो शवपेटीत होता. त्याच्या छातीत हृदय नव्हतं. ते पोर्तो शहरातल्या एका चर्चमध्ये काचेच्या भांड्यात ठेवलेलं होतं आणि तिथेच राहणार होतं. बाकीचा देह बारा दिवसांचा समुद्रप्रवास करून त्या देशात चालला होता, ज्या देशाला या माणसानं स्वातंत्र्य मिळवून दिलं होतं.

तो माणूस म्हणजे ब्राझीलचा पहिला सम्राट पेद्रू. जहाजाचं नाव ‘फुंशाल’.

सम्राटाची गोष्ट पुढे येईलच. पण मला कुतूहल आहे ते जहाजाचं. ‘टायटॅनिक’सारखं ते बुडालं नाही, ‘क्वीन मेरी’सारखं अवाढव्य नव्हतं, वेगाचा एकही विक्रम त्याच्या नावावर नाही. लांबी 153 मीटर, ग्रॉस टनेजचा, म्हणजे आकारमानाचा, आकडा दहा हजारांच्या आतला. आजची मोठी क्रूझ जहाजं त्याच्या वीसपटीहून मोठी असतात. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पोर्तुगालची जवळजवळ प्रत्येक मोठी उलथापालथ या जहाजाला शिवून गेली. प्रत्येक वेळी त्याचं चालू काम हातातून गेलं, आणि दर वेळी कुणीतरी त्याला दुसरं काम शोधून दिलं.

सुरुवात बेटांपासून करावी लागते. अटलांटिक महासागरात लिस्बनच्या नैर्ऋत्येला सुमारे 970 किलोमीटरवर मदेरा आहे. फुंशाल ही त्याची राजधानी, जहाजाला नाव मिळालं ते तिच्यावरून. त्याहून दूर, पश्चिमेला, अझोरेसची नऊ बेटं. ही बेटं पोर्तुगालचीच, पण 1960 सालापर्यंत तिथून राजधानीत यायचं म्हणजे बहुतेकांना बोटीशिवाय इलाज नव्हता. डॉक्टरकडे जाणारा रुग्ण, लष्करात भरती झालेला पोरगा, कॉलेजला निघालेली मुलगी, सरकारी कागद, टपालाच्या थैल्या, सगळं बोटीनं. आपल्याकडे आडगावाला मुक्कामाची एसटी असते, तशी त्या बेटांना ही बोट: ती आली की बाहेरचं जग आलं. हा मार्ग चालवणारी कंपनी, ‘एंप्रेझा इन्सुलाना’, 1871 पासून हेच काम करत होती, आणि तिच्या बोटी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

जुन्या बोटींचं दुखणं एकट्या बेटांचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोर्तुगालचा सगळाच व्यापारी ताफा मोडकळीला आला होता. युद्धात तटस्थ राहिलेल्या या देशाला वसाहती होत्या आफ्रिकेपासून तिमोरपर्यंत, आणि तिथे पोचायला धड जहाजं नव्हती. 10 ऑगस्ट 1945 रोजी नौदलमंत्र्यांनी एक आदेश काढला. ‘आदेश क्रमांक 100’ या नावानं तो पोर्तुगालच्या सागरी इतिहासात ओळखला जातो. कोणत्या कंपनीनं कोणत्या मार्गासाठी किती जहाजं बांधायची, याचा तो आराखडा होता. पुढच्या दशकात डझनावारी नवी जहाजं पाण्यात उतरली. आदेश काढणाऱ्या मंत्र्याचं नाव अमेरिकू तोमाश, नौदलातला अधिकारी. 1958 मध्ये हाच माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. खरी सत्ता हुकूमशहा सालाझारच्या हातात. तोमाश यांचं काम मुख्यतः फिती कापण्याचं आणि दौरे करण्याचं. हे नाव लक्षात ठेवा, ते या जहाजाला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

‘फुंशाल’चा आराखडा रोजेरिओ द ओलिव्हेरा या पोर्तुगीज नौका-अभियंत्यानं काढला, पण बांधणी झाली डेन्मार्कमध्ये, हेलसिंगोरच्या कारखान्यात. हेलसिंगोर म्हणजे शेक्सपिअरचं एल्सिनोर. हॅम्लेटचं नाटक जिथे घडतं तो क्रोनबोर्ग किल्ला कारखान्याच्या अगदी शेजारी. 10 फेब्रुवारी 1961 ला किल्ल्याच्या साक्षीनं जहाज पाण्यात उतरलं.

त्याच्या पोटात वाफेची टर्बाइन बसवली होती. ही यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे जहाजाचं नशीब तिच्यावरच फिरलं. भट्टीत तेल जळतं, त्यावर बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ प्रचंड दाबानं टर्बाइनच्या पात्यांवर सोडली की पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. जहाजाच्या पंख्याला एवढा वेग उपयोगाचा नाही, इतक्या वेगानं फिरला तर तो पाणी ढकलण्याऐवजी नुसता फेस काढेल. म्हणून मध्ये मोठमोठे दातेरी गिअर घालून वेग उतरवायचा. टर्बाइनमध्ये वरखाली आपटणारा दट्ट्या नसतो, त्यामुळे थरथर अगदी कमी. प्रवाशाला झोप लागते, टेबलावरचा पेला हलत नाही. दोन पंख्यांच्या जोरावर ‘फुंशाल’ ताशी वीस सागरी मैलांच्या आसपास धावायचं. छोट्या बेटबोटीला हा वेग चैनीचाच. किंमत मोजावी लागायची ती तेलात.

जहाज जन्मलं ते साल सालाझारच्या राजवटीला फार वाईट गेलं. जलावतरणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, 22 जानेवारीला, कॅरिबियन समुद्रात ‘सांता मारिया’ हे वीस हजार टनांचं पोर्तुगीज प्रवासी जहाज पळवलं गेलं. पळवणारा एन्रिके गाल्वाओ एकेकाळी याच राजवटीतला वसाहत-अधिकारी होता. अंगोलातली वेठबिगारी त्यानं डोळ्यांनी पाहिली, त्यावर 1947 मध्ये अहवाल दिला, पुढे राजवटीशी त्याचं फाटलं आणि तुरुंगात गेला. 1959 मध्ये लिस्बनच्या एका इस्पितळातून तो निसटला. इस्पितळाचं नावही सांता मारिया! दोन डझन साथीदारांसह त्यानं जहाज ताब्यात घेतलं. त्या झटापटीत एक अधिकारी मारला गेला. सहाशेच्या आसपास प्रवासी घेऊन ते जहाज काही दिवस अमेरिकी नौदलालाही सापडत नव्हतं. समुद्रावर उपग्रहांची नजर नसलेल्या काळात तो केवढा मोठा होता, हे त्यावरून कळतं. 2 फेब्रुवारीला ब्राझीलच्या रेसीफे बंदरात गाल्वाओ शरण आला. दोनच दिवसांनी अंगोलाच्या लुआंडा शहरात उठाव झाला, आणि तिथून तेरा वर्षं चालणारं वसाहतयुद्ध सुरू झालं.

नोव्हेंबरमध्ये ‘फुंशाल’ लिस्बनहून बेटांच्या पहिल्या फेरीला निघालं. पुढच्याच महिन्यात गोव्याची पाळी आली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुरगाव बंदरात ‘इंडिया’ नावाचं पोर्तुगीज प्रवासी जहाज तिमोरहून परतताना थांबलं होतं. लिस्बनचा हुकूम होता की कुणालाही त्यावर चढू देऊ नये. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मोडला. जेमतेम 380 प्रवाशांच्या जहाजावर सुमारे 700 पोर्तुगीज नागरिक कोंबले गेले. न्हाणीघरांतसुद्धा माणसं बसली होती. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झालं. युद्धकैदी म्हणून पकडलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक 1962 च्या मे महिन्यात विमानानं कराचीला आणि तिथून बोटींनी लिस्बनला परतले. त्यातली एक बोट ‘व्हेरा क्रुझ’, म्हणजे पळवल्या गेलेल्या ‘सांता मारिया’ची जुळी बहीण.

म्हणजे ज्या साम्राज्याला जोडण्यासाठी तोमाश यांनी जहाजं बांधायला लावली, ते साम्राज्य जहाजांचा रंग वाळायच्या आतच सुटायला लागलं होतं. मोठ्या बोटी आता आफ्रिकेत सैनिक पोचवायच्या कामाला लागल्या. ‘फुंशाल’ लहान आणि बेटांच्या मार्गावर असल्यामुळे आपल्या रोजच्या रहाटगाडग्यात राहिलं: लिस्बन, मदेरा, अझोरेस आणि परत. साधारण चारशे प्रवासी, पैशाप्रमाणे वर्ग वेगळे, जेवणाच्या खोल्या वेगळ्या. लाकडी तावदानं, सागवानी डेक, गोल खिडक्या. याच देखण्या रूपामुळे त्याला एक जोडधंदाही मिळाला. राष्ट्राध्यक्ष तोमाश दौऱ्यावर निघाले की ‘फुंशाल’ त्यांची राजनौका व्हायचं. जन्मभर जहाजांत रमलेल्या माणसाला विमानापेक्षा ते आवडलं असणार यात नवल नाही.

मुख्य धंद्याला पहिला धक्का बसला 1964 मध्ये. त्या वर्षी 8 जुलैला मदेराचा विमानतळ सुरू झाला. डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीवर कशीबशी बसवलेली 1600 मीटरची धावपट्टी, वैमानिकांना घाम फोडणारी. तरी लिस्बनचा प्रवास दिवसांतून तासांवर आला. 1969 मध्ये अझोरेसच्या पोंता देल्गादाला विमानतळ झाला, 1971 मध्ये ओर्ताला. ज्याला घाई होती तो विमानात बसला. उरले ते ज्यांच्याकडे विमानाचे पैसे नव्हते, किंवा ज्यांना घाई नव्हती. ज्यांना घाई नाही अशा लोकांसाठी समुद्रावर एक वेगळाच धंदा तेव्हा जगभर उभा राहत होता: क्रूझचा, म्हणजे जलसहलींचा. तिकडे वळण्याआधी मात्र ‘फुंशाल’ला एक अजब फेरी करायची होती.

पेद्रूचा जन्म 1798 मध्ये लिस्बनजवळच्या केलूश राजवाड्यात झाला. तो नऊ वर्षांचा असताना नेपोलियनचं सैन्य पोर्तुगालवर चालून आलं आणि अख्खं राजघराणं दरबार आणि खजिन्यासह जहाजांत बसून ब्राझीलला पळालं. युरोपातलं साम्राज्य आपल्याच वसाहतीतून चालवलं जाण्याचा हा विलक्षण प्रकार. 1821 मध्ये राजा परतला, पण तरुण पेद्रू मागे राहिला. लिस्बननं त्यालाही परत बोलावलं, तेव्हा 7 सप्टेंबर 1822 रोजी साव पावलोजवळच्या इपिरांगा ओढ्याकाठी त्यानं ब्राझील स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. वसाहत गमावणाऱ्या राजाच्याच मुलानं ती स्वतंत्र केली, आणि तिचा सम्राट झाला. नऊ वर्षांनी तिथलं सिंहासनही त्यानं सोडलं. पोर्तुगालच्या गादीवरचा आपल्या मुलीचा हक्क सख्ख्या भावानं, मिगेलनं, हिसकावला होता. तो परत मिळवायला पेद्रू युरोपात आला. पोर्तो शहरानं वर्षभर वेढा सोसून त्याला साथ दिली. युद्ध जिंकलं, पण क्षयानं त्याला गाठलं. 24 सप्टेंबर 1834 ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. ज्या खोलीत जन्मला त्याच खोलीत, जिच्या भिंतींवर डॉन किहोतेची चित्रं आहेत.

जाताना त्यानं आपलं हृदय पोर्तो शहराला दिलं. लापाच्या चर्चमध्ये ते आजही आहे; पाच किल्ल्या लावल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही. देह लिस्बनच्या राजघराण्याच्या दफनगृहात राहिला. ब्राझीलच्या स्वातंत्र्याला 150 वर्षं होत होती म्हणून 1972 मध्ये पोर्तुगालनं तो ब्राझीलला द्यायचं ठरवलं, आणि पोचवायचं काम आलं ‘फुंशाल’कडे. दोन्ही देशांत तेव्हा हुकूमशाही होती. दोघांनाही सोहळ्याची गरज होती, आणि मेलेला सम्राट तक्रार करत नाही. तोमाश स्वतः शवपेटीसोबत निघाले. जहाज 22 एप्रिलला रिओ द जानेरोला पोचलं. तारीख योगायोगानं पडलेली नसावी: 1500 साली काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्द्याला ब्राझीलचा किनारा दिसला तो 22 एप्रिललाच. पुढचे काही महिने शवपेटी देशभर फिरवली, आणि 7 सप्टेंबरला साव पावलोच्या इपिरांगा स्मारकात ती ठेवली गेली. 2012 मध्ये वाल्दिरेने आंबियेल या पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्या अवशेषांचा अभ्यास केला, तेव्हा आढळलं की पेद्रूला पोर्तुगीज सेनापतीच्या गणवेशात पुरलं होतं. ज्या देशाचा तो पहिला सम्राट, त्याचं पदक अंगावर नव्हतं. हृदयानंही शेवटी समुद्र ओलांडला, 2022 मध्ये द्विशताब्दीसाठी, पण विमानानं, आणि काही आठवड्यांसाठी.

या फेरीनंतर लगेच जहाजाच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. कंपनीनं ते ॲमस्टरडॅमला नेलं, वाफेची सगळी यंत्रणा उपसून काढली आणि दोन डिझेल इंजिनं बसवली. वेग काही मैलांनी उतरला, थरथर थोडी वाढली. मग हा उपद्व्याप कशासाठी? टर्बाइनमध्ये तेलाच्या उष्णतेतला फार मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो. काम करून झालेल्या वाफेचं परत पाणी करायचं तर ती समुद्राच्या गार पाण्यानं थंड करावी लागते. म्हणजे विकत घेतलेल्या तेलाची ऊब शेवटी समुद्राला वाटायची. डिझेल इंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच पेटतं आणि थेट दट्ट्याला ढकलतं. मधली वाफेची दलाली संपते. तेवढ्याच कामाला कितीतरी कमी तेल लागतं, आणि बंदरात उभं असताना बॉयलर धगधगत ठेवायला नको. सहलीला निघालेल्या प्रवाशाला एक तास उशीर झाला तरी चालतो, पण जहाजमालकाला तेलाचं बिल चालत नाही.

हे झालं 1973 मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव चौपट झाले. ‘सांता मारिया’ आणि ‘व्हेरा क्रुझ’, दोन्ही वाफेवरच्या आणि आकारानं दुप्पट, त्याच वर्षी तैवानच्या काओशुंग बंदरात भंगारात निघाल्या. त्यांचं वय तेव्हा जेमतेम वीस. जगप्रसिद्ध ‘क्वीन एलिझाबेथ 2’ या बोटीचं टर्बाइन काढून डिझेल बसवायचं काम तिच्या मालकांनी 1986 मध्ये हाती घेतलं. लहान पोर्तुगीज कंपनीनं तो निर्णय त्यांच्या तेरा-चौदा वर्षं आधी घेतला होता. ‘फुंशाल’चं दीर्घायुष्य खरं म्हणजे याच एका निर्णयाची कमाई आहे.

25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथून टाकली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. तोमाश यांना पकडून विमानानं नेलं ते कुठे? मदेराला. आणि तिथून मे महिन्यात परागंदा म्हणून ब्राझीलला. दोन वर्षांपूर्वी ज्या देशात ते सम्राटाची शवपेटी घेऊन राष्ट्राध्यक्षाच्या थाटात उतरले होते, तिथेच आता आश्रयाला गेले. कादंबरीकारानं असं लिहिलं असतं तर संपादकानं जुळवाजुळव म्हणून खोडलं असतं.

साम्राज्य गेलं, तशा साम्राज्यासाठी चालणाऱ्या बोटीही गेल्या. उरलेल्या कंपन्या एकत्र करून केलेली सरकारी कंपनी 1985 पर्यंत रडतखडत चालली आणि बंद पडली. ‘इन्फांते दों एन्रिके’ ही वसाहतींच्या मार्गावरची एकेकाळची सर्वांत मोठी बोट सीनेश बंदरात बांधकाम कामगारांचं वसतिगृह म्हणून बांधून ठेवली गेली. ‘फुंशाल’ मात्र हिंडत होतं. सत्तरच्या दशकापासून स्वीडनच्या सहल कंपन्यांनी ते भाड्यानं घेतलं होतं. उन्हाळ्यात गोथेनबर्गहून नॉर्वेच्या फ्योर्डांत, हिवाळ्यात ब्राझीलच्या किनाऱ्यावर. वर्गांच्या भिंती पाडल्या गेल्या. पूर्वी जिथे अझोरेसचा शेतकरी बोचकं उशाशी घेऊन झोपायचा, तिथे निवृत्त स्वीडिश जोडपी कॉफी पिऊ लागली. आकार लहान असल्यामुळे ज्या अरुंद खाडीत मोठी जहाजं शिरत नाहीत तिथे हे शिरायचं.

1985 च्या लिलावात जॉर्ज पोटामियानोस या ग्रीक माणसानं जहाज विकत घेतलं. लिस्बनमध्ये स्थायिक झालेल्या या जहाजमालकाला जुन्या बोटींचं वेड होतं, आणि वेडाबरोबर हिशेबही होता: नव्या बोटीचं कर्ज फेडायचं नसेल तर चारशे-पाचशे प्रवाशांवरही पोट भरतं. हळूहळू त्याच्याकडे असा सगळा म्हातारा ताफा जमला. त्यातल्या ‘अथीना’चा इतिहास ‘फुंशाल’लाही मान खाली घालायला लावेल. तिचं मूळ नाव ‘स्टॉकहोम’. 25 जुलै 1956 च्या रात्री धुक्यात हिनंच इटलीच्या ‘आंद्रेआ दोरिया’ला धडक दिली होती, 51 माणसं गेली आणि ‘आंद्रेआ दोरिया’ तळाला. नंतर ती पूर्व जर्मनीच्या कामगारांची सहलबोट झाली, आणि शेवटी तिची नव्यानं बांधणी झाली ती जेनोआत, म्हणजे तिनं बुडवलेली बोट जिथे जन्मली त्याच शहरात.

या जुन्या बोटींचा खरा शत्रू होता आग, आणि आगीमागून आलेले नियम. ‘टायटॅनिक’नंतर 1914 मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. मुख्य चिंता तेव्हा जीवनरक्षक होड्यांची आणि रेडिओची होती. पुढे ध्यानात आलं की प्रवासी जहाज बुडण्याइतकंच जळण्याचंही भय मोठं आहे. 1965 मध्ये ‘यारमाउथ कॅसल’ ही जुनी बोट बहामाजवळ पेटली. तिच्यात लाकूडच लाकूड होतं आणि आग पाहता पाहता पसरली. 90 जणांचा जीव गेला. भर समुद्रात अग्निशामक दल येत नाही. पळायला रस्ता नाही. म्हणून जहाजाची भिंतच अशी हवी जी पेट घेणार नाही, आणि आग एका खणात अडवून धरेल. नव्या जहाजांना हे नियम लगेच लागू झाले, जुन्यांना सवलती मिळत गेल्या. शेवटची मुदत ठरली 1 ऑक्टोबर 2010. त्या दिवशी जगातल्या कितीतरी जुन्या बोटींची कारकीर्द कागदोपत्री संपली. प्रवाशांना जी लाकडी तावदानं पाहण्यासाठी ‘फुंशाल’वर यावंसं वाटायचं, तीच आता दोष ठरली. नियम रास्तच होता. पोटामियानोस यांनी हार न मानता जहाज लिस्बनला उभं केलं आणि आतून नव्यानं बांधायला घेतलं.

काम लांबलं, पैसा आटला. 2012 मध्ये पोटामियानोस वारले आणि काही महिन्यांत कंपनीही गेली. तिच्या बोटी थकलेल्या बिलांपायी परक्या बंदरांत अडकल्या. 2013 मध्ये रुई आलेग्रे या पोर्तुगीज उद्योजकानं ‘फुंशाल’सह त्यातल्या चार बोटी घेतल्या आणि मोठ्या हौसेनं दुरुस्ती पुरी केली. ऑगस्टअखेर जहाज आपल्या जुन्या माहेरी, गोथेनबर्गला गेलं. तिथे स्वीडिश निरीक्षकांनी सुरक्षेतल्या त्रुटी दाखवून ते अडवून ठेवलं आणि प्रवाशांना उतरावं लागलं. सुरुवातच अशी झाली. पुढच्या वर्षभरात काही सहली झाल्या, 2015 चं स्वागत करायला जहाज मदेराला जाऊन आलं. फुंशाल बंदरातली नववर्षाची आतषबाजी जगप्रसिद्ध आहे. डोंगराच्या उतारावरून एकाच वेळी सगळीकडून बाण सुटतात. ती पाहून ‘फुंशाल’ लिस्बनला आलं आणि तागुस नदीकाठच्या मातिन्याच्या धक्क्याला बांधलं गेलं. प्रवासी जहाज म्हणून त्याची ती अखेरची फेरी.

2018 च्या शेवटी लिव्हरपूलच्या एका हॉटेल कंपनीनं ते 39 लाख युरोंना लिलावात घेतलं. तरंगतं हॉटेल करायचा बेत होता. 2020 मध्ये महामारी आली, हॉटेलं ओस पडली, ती कंपनीच दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांच्या हाती गेली आणि बेत तिथेच राहिला.

समुद्रानं या जहाजाचं कधी काही बिघडवलं नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. वादळानं नाही, खडकानं नाही. त्याला घडवलं आणि थांबवलं ते जमिनीवरच्या गोष्टींनी: एक मंत्र्याचा आदेश, एक धावपट्टी, एक क्रांती, तेलाचे भाव, आगीचे नियम, बँकेचं कर्ज. चौपन्न वर्षांत या सगळ्यांतून ते पार पडलं, कारण दर वेळी त्याच्यासाठी नवं काम शोधणारा कुणीतरी होता. नुसती हळहळ जहाजाला पुरत नाही. पोलाद गंजतं, धक्क्याचं भाडं रोज चढतं, पंप चालू ठेवावे लागतात. हॉलंडनं 1959 ची ‘रॉटरडॅम’ ही प्रवासी बोट परत आणून तिचं हॉटेल केलं. तिचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. पण ती उभी आहे. पोर्तुगालच्याच उत्तर किनाऱ्यावर व्हियाना दो कास्तेलोचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्या छोट्या शहरानं ‘जिल इयानेश’ हे 1955 मध्ये तिथेच बांधलेलं जहाज 1998 मध्ये भंगारवाल्याच्या हातून सोडवून आणलं. ग्रीनलंड आणि न्यू फाउंडलंडच्या गारठ्यात कॉड मासे पकडणाऱ्या पोर्तुगीज कोळ्यांचं ते फिरतं इस्पितळ होतं. आज ते संग्रहालय आहे. शहराचे लोक त्याला आपलं मानतात, म्हणून ते टिकलं. ‘फुंशाल’ला मालक अनेक मिळाले, गाव एकही मिळालं नाही.

आणि ज्या हेलसिंगोरच्या कारखान्यात ‘फुंशाल’ जन्मलं, तो 1983 मध्ये बंद पडला. पण त्याची जुनी सुकी गोदी डेन्मार्कनं बुजवली नाही. गोदी रिकामी ठेवून तिच्या भोवती, जमिनीखाली, राष्ट्रीय सागरी संग्रहालय उभारलं. 2013 पासून ते खुलं आहे. कधी युरोपात जाणं झालं, तर या दोन ठिकाणी एकेक दिवस काढा. ‘जिल इयानेश’च्या इंजिनघरात उतरा, हेलसिंगोरच्या गोदीच्या तळाशी उभे राहून वर पाहा. आणि आपल्या किनाऱ्यावर एखादी जुनी बोट भंगारात निघाल्याची बातमी वाचाल, तेव्हा हळहळण्याआधी एवढं विचारा: तिला नवं काम देता आलं असतं का, आणि ते कुणी द्यायला हवं होतं?